कोकणातलं खुराडं: कोंबड्यांचं वागणं वाचा, आजार वेळेत ओळखा

परसात दहा-पंधरा कोंबड्या सोडल्या की त्या आपल्या आपण वाढतात, या समजुतीपायी कोकणातली बरीच खुराडी पावसाळ्यात रिकामी होतात. जून ते सप्टेंबरात इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. थंडी किंवा ऊन यांपेक्षा कोंबडीला ही ओलच जास्त मारते. त्यात कोंबडी आजार लपवते. दुबळी दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत कळपात उभी राहते, दाणे टिपल्यासारखं करते. आपल्या लक्षात येईपर्यंत दोन-तीन दिवस उलटून गेलेले असतात. खुराडं कोरडं ठेवणं आणि कोंबड्यांचं रोजचं वागणं वाचणं हे आधी अंगवळणी पाडा. औषधांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

जागा आणि खुराडं

काम आगोटीच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरका. रात्री मुक्कामाला प्रत्येक कोंबडीमागे दोन चौरस फूट धरा. पंधरा कोंबड्यांना पाच बाय सहा फुटांचं खुराडं पुरतं. ते जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, चिऱ्याच्या किंवा लाकडी खांबांवर घ्या. जमिनीवरच करायचं असेल तर जांभ्याच्या चिऱ्याचे दोन थर देऊन जोतं उचला आणि भोवती चर काढा. छपराची वळचण भिंतीच्या बाहेर अडीच ते तीन फूट यायला हवी, नाहीतर पागोळीचं पाणी उडून तळाची फळी कायम भिजलेली राहते. पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, म्हणून दार आणि जाळी पूर्वेला ठेवा. पश्चिम व दक्षिण बाजू पावसाळ्यात चुडताच्या झापांनी किंवा फळ्यांनी बंद करा.

इथे नवे लोक हमखास एक चूक करतात. पाऊस आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळतात. पाणी थांबतं, पण विष्ठेतून उठणारा अमोनिया आत कोंडतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि आठवड्याभरात सर्दी सुरू होते. वाऱ्याच्या आड असलेल्या बाजूला छपराखाली सहा इंचांची फट जाळी लावून उघडीच ठेवा. वास आहे का हे उभं राहून पाहू नका. वाकून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन पाहा.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, पण मुंगूस, ऊद आणि साप यांना बाहेर ठेवत नाही. कडी अशी लावा की नुसत्या धक्क्याने उघडणार नाही.

बसायला आडवी दांडी द्या, दोन इंच रुंद आणि कडा गोल केलेली. प्रत्येक कोंबडीला आठ-नऊ इंच जागा लागते. अंडी घालायच्या पेट्या (12 बाय 12 इंच, चार-पाच कोंबड्यांना एक) दांडीपेक्षा खाली असाव्यात. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते. पेटी वर असेल तर ती पेटीतच झोपते, पेटी घाण होते आणि अंडी विष्ठेने माखतात.

तळाला भाताचा तूस दोन-तीन इंच पसरा. पावसाळ्यात तो आठवड्यातून दोनदा वरखाली करा. 100 चौरस फुटाला साधारण एक किलो या हिशेबाने विरलेल्या चुन्याची कोरडी पूड मिसळा. मूठभर तूस दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तूस ओला आहे, तो काढून टाका. गोळा हळूहळू विस्कटला तर ठीक. तुसाची दोन पोती मे महिन्यातच आणून माळ्यावर ठेवा. भरपावसात कोरडा तूस मागायला गेलात तर गिरणीवर मिळेलच असं नाही.

सुरुवात कितीने आणि कशाने

दहा-बारा कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढं पुरे. आठ-दहा कोंबड्यांना एक यापेक्षा जास्त कोंबडे झाले की त्याच त्या कोंबड्यांची पाठ सोलवटते. गावरान कोंबडी अंडी कमी देते, पण खुडूक बसते, पिल्लं सांभाळते आणि घारीची सावली दिसली की ओरडून सगळ्यांना झुडपात नेते. बेंगळुरूची गिरीराज किंवा हैदराबादची वनराज अंडी आणि मांस जास्त देतात, पण अंगाने जड असल्यामुळे त्यांना मुंगसापुढे पळणं जमत नाही. या सुधारित जातींच्या अंड्यांतून घरी काढलेल्या पिल्लांत आई-बापाचे गुण टिकत नाहीत, म्हणून पिल्लं प्रत्येक वेळी खात्रीच्या केंद्रातूनच आणावी लागतात. नवशिक्याने पाच-सहा गावरान आणि तेवढ्याच सुधारित घ्याव्यात, असं आमचं मत आहे.

एक दिवसाची पिल्लं

विकतची पिल्लं ऑक्टोबर ते फेब्रुवारीत आणा. जून-जुलैत वीज जाते, हवा ओली असते आणि पिल्लं एकावर एक चढून गुदमरतात. वीस पिल्लांना पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंच गोल कडं, वर 60 वॉटचा पिवळा बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअस उष्णता हवी, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत न्या. तुसावर पहिले दोन-तीन दिवस कागद अंथरा, नाहीतर पिल्लं तूसच खातात. कागद गुळगुळीत नको, पाय घसरून फाकतात.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर उष्णता जास्त झाली आहे. सगळी एकाच बाजूला चिकटली असतील तर दुसरीकडून वारा घुसतो आहे. सारखी पसरलेली, कोणी खातंय, कोणी पाय ताणून झोपलंय, असं दिसलं की बरोबर. रात्री दोन वाजता वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा. निखाऱ्यांचं मडकं बंद खोलीत ठेवू नका, धुराने पिल्लं जातात.

सकाळी आणि सांजेला काय पाहायचं

सकाळी दार उघडलं की धडधाकट कोंबडी उडी मारून बाहेर येते. शेवटी कोण येतं आणि आतच कोण राहतं, तिच्यावर नजर ठेवा. दाणे टाकल्यावर पहिली दोन मिनिटं तिथेच थांबा. जी नेहमी पुढे असते ती मागे उभी असेल तर काहीतरी बिनसलं आहे. मान आखडून, पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसणं हे आजाराचं सर्वांत पहिलं आणि खात्रीचं चिन्ह. पण तीच कोंबडी उन्हात एका कुशीवर पडून पंख पसरते किंवा धुळीत लोळते तेव्हा घाबरू नका, ते अंघोळीचं सुख आहे. त्यासाठी पडवीच्या कडेला, पाऊस लागणार नाही अशा जागी, खोक्यात चुलीची राख आणि कोरडी माती भरून ठेवा. राखेत लोळलं की उवा कमी होतात.

विष्ठाही पाहा. तपकिरी-हिरवट, वर पांढरी टोपी, ही चांगली. दिवसातून काही वेळा चॉकलेटी, चिकट, घाण वासाची विष्ठा पडते. तीही नेहमीचीच, नवे लोक तिलाच हगवण समजतात. रक्त, हिरवं पाणी किंवा गुदद्वाराला चिकटलेला पांढरा चिखल दिसला की कामाला लागा.

संध्याकाळी मोजणी करा. बारा असायला हव्यात आणि अकराच आल्या तर लगेच शोधायला निघा, अंधार पडल्यावर शोधण्यात अर्थ नसतो.

पंधरवड्यातून एकदा हातात घेऊन

रात्री दांडीवर बसलेली कोंबडी शांत असते, तेव्हाच तपासावी. बॅटरीवर लाल कापड बांधा. दोन्ही पंखांवरून हात घालून तिला उचला, काखेत धरा आणि आधी नुसतं ऐका. श्वासाला घरघर किंवा शीळ येते का? मग गळ्याखालची दाण्याची थैली चाचपा. रात्री ती भरलेली, मऊ असावी. सकाळी दाणे टाकण्यापूर्वी रिकामी असावी. सकाळीही घट्ट गोळा लागला तर लांब गवत किंवा पेंढ्याची काडी अडकली आहे. तिला इतरांपासून वेगळी काढा, पाणी द्या, थैली खालून वर नव्हे तर हळूहळू गोल चोळा आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर दवाखान्यात न्या.

पुढे छातीचं हाड. अंगठा आणि बोटं दोन्ही बाजूंनी फिरवा. हाडाच्या दोन्ही अंगांना मांस भरलेलं असावं. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर कोंबडी आठवड्यांपासून झिजते आहे, बहुतेक जंतांमुळे. पिसांमुळे ती बाहेरून गोल दिसत असते, म्हणून हात लावल्याशिवाय हे कळतच नाही. मग शेपटाखालची पिसं फाकून पाहा. पिसांच्या बुडाशी पांढरे दाणे चिकटलेले असतील तर उवांच्या लिखा आहेत. शेवटी तळपाय. मध्ये काळी खपली आणि सूज असेल तर दांडी खरखरीत आहे किंवा फार उंचावरून उडी पडते आहे.

दांडीच्या सांध्यांत आणि चिव्याच्या (बारीक बांबूच्या) पोकळीत लाल गोचिडीसारखे बारीक किडे दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. कोंबड्या सांजेला आत जायला का-कू करू लागल्या तर पहिला संशय यांच्यावर घ्या. दांडी काढून उकळतं पाणी ओता, वाळवा, फटी चुन्याने बुजवा. कोंबडीला औषध लावून खुराडं तसंच ठेवलं तर ते चार दिवसांत परत येतात.

टोचाटोची आणि मानपान

प्रत्येक कळपात वरपासून खालपर्यंत मानाची उतरंड असते. पहिला दाणा कोणाचा, वरची जागा कोणाची, हे टोचून ठरतं आणि एकदा ठरलं की भांडण संपतं. तेवढी टोच चालते. रक्त निघेपर्यंत टोचणं हा मात्र रोग आहे आणि त्याची कारणं ठरलेली असतात: जागा कमी, एकच भांडं, उकाडा, अन्नात प्रथिनं किंवा मीठ कमी, किंवा सतत पाऊस लागून आठवडाभर आत कोंडलेल्या कंटाळलेल्या कोंबड्या. पावसाळ्यात शेवग्याची डहाळी किंवा कोबीचा गड्डा मानेच्या उंचीवर टांगून ठेवा, दिवसभर त्यालाच टोचत राहतात. भांडी दोन ठेवा, एकमेकांपासून लांब, म्हणजे दबलेलीलाही खायला मिळेल.

जखमी कोंबडी त्याच क्षणी वेगळी करा. लाल रंग दिसला की बाकीच्या थांबत नाहीत. जखम धुऊन जांभळं जेन्शियन व्हायोलेट लावा, त्याने रक्ताचा रंग झाकला जातो. हळद-खोबरेलही चालतं, पण पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात, तेव्हा रोज उघडून पाहा.

नवी कोंबडी आणताना

आठवडा बाजारातून आणलेली, पाहुण्यांनी दिलेली किंवा बाजारात न विकता परत आणलेली आपलीच कोंबडी, तिघींना नियम एकच: 21 दिवस वेगळी, शक्य तितकी लांब, निदान मांगराच्या पलीकडे. रोज आधी जुन्यांचं दाणापाणी करा, मग नवीकडे जा, परत येताना हातपाय धुवा. शिमगा, गटारी आणि राखणीच्या दिवसांत बाजारात पक्ष्यांची ये-जा वाढते आणि मानमोडी (राणीखेत रोग) वाडीत शिरते ती बहुधा याच वाटेने.

तीन आठवडे निरोगी राहिली की पुढचा आठवडा जाळीच्या अलीकडे-पलीकडे ठेवा, एकमेकांना दिसतील पण टोचता येणार नाही अशी. मग रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवा. एकटी कधीच सोडू नका, दोन किंवा तीन एकदम सोडा, म्हणजे मार वाटला जातो.

खुडूक कोंबडी

पेटीवरून उठत नाही, जवळ गेलं की फुगून गुरगुरते, ती खुडूक. पिल्लं हवी असतील तर रात्री तिच्याखाली नऊ ते अकरा अंडी ठेवा. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली हवीत. रोज एकदा उठवून खायला आणि विष्ठेला सोडा. सातव्या रात्री अंड्यामागे बॅटरी धरा. आत कोळ्यासारखी शिरांची जाळी दिसली तर अंडं फळलं, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. 21 दिवसांनी पिल्लं. रवण, म्हणजे अंड्यांवर कोंबडी, बसवायची तर गणपतीनंतर. पिल्लं नको असतील तर तिला तीन-चार दिवस तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, खालून वारा लागेल असं ठेवा. दाणापाणी भरपूर द्या. उपाशी ठेवण्याने किंवा पाण्यात बुडवण्याने काही साधत नाही.

दाणापाणी

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडे, गवत, पातेऱ्याखालची वाळवी मिळते. तरी अंड्यावरच्या कोंबडीला रोज 40 ते 60 ग्रॅम वरचं खाद्य लागतंच. ते संध्याकाळी द्या, त्या आमिषाने सगळ्या वेळेत घरी येतात. दहा किलोसाठी एक साधं मिश्रण: मक्याचा भरडा किंवा तांदळाची कणी साडेपाच किलो, कोंडा दोन किलो, शेंगदाणा पेंड दीड किलो, सुक्या मासळीची कुटी 800 ग्रॅम, खनिज मिश्रण 200 ग्रॅम. मासळी बिनमिठाची हवी. खारवलेल्या मासळीचे तुकडे घातले तर मीठ बाधतं, कोंबड्या पाणी पीत सुटतात, पातळ हगतात आणि मरतातही.

पावसाळ्यात मिश्रण आठवड्यापुरतंच करा. पेंड आणि मका यांना बुरशी लागली की तिचं विष यकृतावर जातं आणि ते उन्हात वाळवून किंवा भाजून जात नाही. कुबट वास आला तर पोतं फेकून द्या, हळहळू नका.

कवचासाठी समुद्र जवळ आहे. तिसऱ्या, कालवं, खुबे यांची शिंपलं धुऊन वाळवा आणि कुटा, पण पीठ करू नका. तांदळाच्या कणीएवढे तुकडे ठेवा. कवच रात्री घडतं आणि जाड तुकडे पोटात हळू विरघळून रात्रभर पुरतात. हे खाद्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. गरज असेल तीच कोंबडी खाते. तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) आणि कोंबड्याला ते लागत नाही.

पाणी घरात पितो तेच द्या. बारा कोंबड्यांना तीन लिटर, मे महिन्यात दुप्पट. मे महिन्यात हवा दमट असल्याने धापा टाकूनही त्यांचं अंग निवत नाही, म्हणून दुपारी दाणे देऊ नका, मातीच्या भांड्यात सावलीत थंड पाणी ठेवा.

लसी

मानमोडी म्हणजे राणीखेत. हिरवी पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास, मग मान वळते, पाय लुळे पडतात. औषध नाही, लस हाच उपाय. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस, अर्धा मिलि, कातडीखाली. आर-टू-बी त्याआधी देऊ नये, लहान पिल्लांना तीच लस बाधते. गंबोरो या पिल्लांच्या साथीच्या रोगाची लस चौदाव्या दिवशी. देवीची लस सहा-आठ आठवड्यांनी पंखाच्या पडद्यात टोचतात. आठवड्याने त्या जागी पुटकुळी आली तर लस लागली, नाही आली तर पुन्हा टोचून घ्या.

अडचण अशी की कुपी 100 पक्ष्यांची येते आणि फोडल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीने मिळून एक दिवस ठरवावा. पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुपी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा, पहाटे किंवा संध्याकाळी टोचा, उन्हात बाहेर ठेवू नका. गरम झालेली लस टोचली काय न टोचली काय, सारखंच. आजारी कोंबडीला लस देऊ नका.

पावसाळ्यातले दोन त्रास

रक्ती हगवण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना होते. ओल्या, उबदार तुसात तिचे जंतू एक-दोन दिवसांत तयार होतात, म्हणून ती पावसाबरोबरच येते. विष्ठेत रक्त दिसताच तूस बदला आणि एम्प्रोलियमची 20 टक्क्यांची पूड दहा लिटर पाण्यात सहा ग्रॅम, पाच दिवस द्या. त्या दिवसांत दुसरं पाणी ठेवू नका आणि बी जीवनसत्त्वाचं टॉनिक बंद ठेवा, कारण हे औषध जंतूंना बी-वनपासून तोडूनच काम करतं. टॉनिकने त्याचा असर जातो.

देवी डासांमुळे पसरतात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळ्या खपल्या येतात. खपल्या ओरबाडू नका, आयोडीन लावा, डोळा मिटला असेल तर हाताने भरवा. करवंट्या, टायर, फुटकी मडकी यांतलं पाणी ओतून टाका. जंतांचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर द्यायचंच. मात्रा दवाखान्यातून वजनावर ठरवून घ्या आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तिथेच विचारा.

मेलेली कोंबडी

पऱ्यात, वहाळात, गडग्यापलीकडे टाकू नका, कुत्रे तिला वाडीभर नेतात. विहिरीपासून लांब, तीन फूट खड्डा, वर चुना, मग माती. आजारी कोंबडी कापून खाण्याची किंवा घाईने विकण्याची सवय मोडली पाहिजे. एकाच वेळी तीन-चार मेल्या, किंवा आसपास कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर कशालाही उघड्या हाताने शिवू नका आणि 1962 या फोन क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला, तो कोंबड्यांत. जानेवारी 2021 मध्ये दापोलीत तो मेलेल्या कावळ्यांत सापडला. माणूस येऊन पाहीपर्यंत उरलेल्या कोंबड्या आत कोंडून ठेवा, शेजारच्यांना सांगा आणि खुराड्यात जाणाऱ्या चपला वेगळ्या करा.